वहीतील दुरुस्ती आणि राज्यघटनेतील दुरुस्ती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त संविधान दिनी झालेल्या सभेत केलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या वकिलांना किंवा प्राध्यापकांना बोलवावे, असे मी कार्यकारिणीला सुचविले होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य कापडाचे तागे उलगडण्यात गेलेले. परंतु विश्वस्तांनी आग्रह धरला की, सामान्य व्यापाऱ्याला जेवढे कळले तेवढेच सांगा, म्हणजे आम्हालाही कळेल. त्या आज्ञेचा मान राखून उभा आहे.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी आपली राज्यघटना स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणे अमलात आली. तेव्हापासून २०२३ अखेरपर्यंत तिच्यात १०६ दुरुस्त्या झाल्या. आम्हा कापडवाल्यांना विचाराल तर यांपैकी १०१ वी दुरुस्ती आम्हाला तोंडपाठ आहे. २०१६ सालच्या त्या दुरुस्तीमुळे १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि कापडावर कर बसला, हे आमच्यापैकी कोणी विसरणार नाही. मात्र आपल्या जिवाचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणारी ४४ वी दुरुस्ती कोणती, असे विचारले तर आपल्यातील बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. मलाही अनेक वर्षे देता आले नसते. म्हणून आज मुख्यत्वे त्या एका दुरुस्तीविषयी बोलणार आहे.

वहीत न लिहिलेले नाव

१९७६ च्या जूनमधील गोष्ट आहे. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो आणि सुट्टीत दुकानात बसत असे. आणीबाणी लागू होऊन वर्ष झाले होते. गावातील एका गुरुजींना ‘मिसा’खाली अटक होऊन त्यांची रवानगी येरवड्याला झाली होती. एका संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरल्यावर त्यांच्या पत्नी दुकानात आल्या. दोन मुलांच्या गणवेशाचे कापड हवे होते. पगार बंद होता, हे त्यांनी सांगितले नाही, पण आमच्या वडिलांना ठाऊक होते.

वडिलांनी कापड फाडून दिले आणि म्हणाले, “वहिनी, पैशाची काळजी करू नका. गुरुजी आल्यावर बघू.” मी सवयीप्रमाणे उधारीची वही उघडली. वडिलांनी माझ्या हातावर हात ठेवला व हलक्या आवाजात सांगितले, “हे नाव वहीत चढवू नकोस.” रक्कम त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिली आणि ती गादीखाली सरकवली.

आमच्या दुकानात कोणाचे एक आण्याचे देणेही नोंदीविना राहत नसे. मी कारण विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दिवस बरे नाहीत. कोणी वही तपासली तर?” कोणी तपासायला आले नाही, कोणी धमकावलेही नाही. तरीही एका सज्जन व्यापाऱ्याला एका सज्जन शिक्षकाचे नाव स्वतःच्या वहीत लिहिण्याची भीती वाटली. हक्क जातात म्हणजे काय होते, याचा माझ्यापुरता अर्थ ती चिठ्ठी आहे.

१९७७ मध्ये गुरुजी सुटून आले आणि पुढल्याच आठवड्यात पैसे द्यायला दुकानात आले. वडिलांनी चिठ्ठी काढली आणि मला वही उघडायला सांगितली. मी मागील वर्षाच्या पानाकडे वळलो, तेव्हा ते म्हणाले, “मागे घुसडू नकोस. आजच्या तारखेला लिही की नोंद राहून गेली होती, ती आज केली.” गुरुजी गेल्यावर बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “वर्षभर माझी वही खोटी होती.”

तेव्हा कायद्यात काय घडले होते

वडिलांची भीती निराधार नव्हती, हे मला फार पुढे वाचनातून कळले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली ती ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाखाली. हे शब्द मूळ घटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदात होते आणि इतके सैल होते की त्यांत काहीही बसू शकत होते. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने समानतेचा हक्क, जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणि अटकेपासूनचे संरक्षण, यांसाठी न्यायालयात दाद मागण्याची सोय स्थगित झाली.

मग प्रश्न असा आला की, एखाद्याला बेकायदा डांबून ठेवले तर त्याने न्यायालयात जावे की नाही? अनेक उच्च न्यायालयांनी ‘जावे’ असे सांगितले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी, चार विरुद्ध एक अशा बहुमताने, ‘आणीबाणी असेपर्यंत जाता येणार नाही’ असा निर्णय दिला. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. पुढे ज्येष्ठता असूनही सरन्यायाधीशपद त्यांना मिळाले नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. आमच्या दुकानातील तो प्रसंग या निकालानंतर दोनच महिन्यांच्या आतला आहे.

त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. हे घराणे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या वेळी १९७६ चा तो निकाल चुकीचा होता आणि तो रद्द ठरविला जात आहे, असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे पुत्र. पित्याच्या निकालातील चूक पुत्राने उघडपणे, न्यायालयाच्या दप्तरात, त्या दिवसाच्या तारखेला दुरुस्त केली. हे वाचले तेव्हा मला वडिलांची वही आठवली.

१९७६ च्याच अखेरीस ४२ वी दुरुस्ती झाली. घटनेत इतके बदल एकाच दुरुस्तीने पूर्वी कधी झाले नव्हते. संसदेने केलेली कोणतीही घटनादुरुस्ती न्यायालयात तपासता येणार नाही, असेही तिच्यात होते. मार्च १९७७ च्या निवडणुकीत सरकार बदलले आणि १९७८ ची ४४ वी दुरुस्ती आली.

या दुरुस्तीने केलेले बदल साधे, पण फार मोलाचे आहेत. ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द जाऊन ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाने लेखी निर्णय कळविल्याखेरीज राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये, असे ठरले. संसदेची मान्यता एका महिन्यात आणि विशेष बहुमताने घेणे बंधनकारक झाले व दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागेल अशी अट आली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कसलीही आणीबाणी असो, २० वा व २१ वा अनुच्छेद, म्हणजे गुन्हेगारी खटल्यांतील मूलभूत संरक्षण आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, यांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, असे लिहिले गेले. त्या रात्रीच्या चिठ्ठीवर देशाने लिहिलेली ही जमेची नोंद होती, असे मी मानतो.

मात्र हिशेब पुरा सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे. याच दुरुस्तीतील, चौकशीविना स्थानबद्ध करण्याच्या मुदतीवर अधिक कडक बंधन घालणारा भाग संसदेने मंजूर केला खरा, पण इतकी वर्षे उलटूनही कोणत्याही सरकारने तो अमलात आणला नाही. नोंद कच्च्या वहीत राहिली, पक्क्या वहीत चढली नाही.

दुरुस्ती आणि खोडाखोड

बी.कॉम.ला आम्हाला ‘चूकदुरुस्तीच्या नोंदी’ असे एक प्रकरण होते. हिशेबात चूक झाली तर खोडरबर वापरायचा नाही, पान फाडायचे नाही. नवी नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि सुधारणाही दिसते.

घटनाकारांनी ३६८ वा अनुच्छेद याच भावनेने दिला आहे. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत, आणि काही विषयांत निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधिमंडळांचा दुजोरा. काळ बदलतो, चुका ध्यानात येतात, म्हणून दुरुस्ती हवीच. परंतु दुरुस्तीच्या नावाखाली वहीच जाळता येईल काय? केरळातील एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांच्या खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने, सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने, ‘नाही’ असे उत्तर दिले. संसदेला दुरुस्ती करता येते, पण घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही. याच आधारावर १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात ४२ व्या दुरुस्तीतील न्यायालयांचे हात बांधणारी कलमे रद्द झाली.

जमिनीचा हक्क : आमच्या घरची बाजू आणि डिंभ्याची बाजू

आता ४४ व्या दुरुस्तीची दुसरी बाजू. तिने जीविताचा हक्क बळकट केला, तसाच मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. २० जून १९७९ पासून तो ३०० क या अनुच्छेदात गेला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढे संरक्षण राहिले.

हे का झाले, ते आमच्या घरच्या उदाहरणावरून सांगतो. आमच्या आजोबांची थोडी जमीन कुळाकडे होती. १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कूळकायद्याने कसणारा मालक मानला गेला आणि ती जमीन गेली. आजोबांना त्याचे दुःख शेवटपर्यंत होते. हा १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट निर्माण केले आणि त्यातील यादीत या कायद्याचा क्रमांक दुसरा आहे. म्हणजे जमीनदारांनी न्यायालयात जाऊन सुधारणा अडवू नयेत, यासाठी ती ढाल होती. आज त्या कुळाचा नातू आमच्या दुकानी लग्नाचा बस्ता बांधायला येतो आणि आम्ही त्याला मानाने गादीवर बसवतो. आजोबांचे नुकसान झाले, पण न्याय झाला, असे मी आज प्रांजळपणे म्हणतो.

परंतु मोठ्या मालकाला आवरण्यासाठी जो हक्क सैल केला, त्याचा भार शेवटी कोणावर पडला? उत्तरासाठी लांब जायला नको. कुकडी प्रकल्पात घोड नदीवर डिंभे धरण झाले. ज्या गावाच्या नावाने आपला तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव त्या पाण्याखाली गेले. पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी बांधवांची शेते आणि घरे गेली. धरणाच्या पाण्याने पूर्वेकडची शेती फुलली, बाजारपेठा वाढल्या, आमची दुकानेही वाढली. आपल्या भरभराटीत कोणाचे तरी बुडालेले शेत आहे, हे आपण उघडपणे मान्य केले पाहिजे. धरण नको होते असे मी म्हणत नाही. ज्याचे गेले, त्याला विचारले का, त्याला पुरते दिले का, वेळेवर दिले का, एवढाच माझा प्रश्न आहे.

या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या गाडीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. कापडाचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला ते नाव वाचताना दर वेळी मान खाली घालावीशी वाटते. ज्याच्याकडे स्वतःच्या देहापलीकडे काही नव्हते, अशा माणसाने आपल्याला हक्क मिळवून दिले आहेत.

सुदैवाने ३०० क हा अनुच्छेद पोकळ नाही, असे न्यायालयांनी अलीकडे दाखवून दिले आहे. हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर वृद्ध विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी, कोणतीही भूसंपादनाची कारवाई न करता घेतली होती. इतकी वर्षे ताबा असल्याने जमीन आमचीच, असे शासनाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी ते फेटाळले आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. १६ मे २०२४ रोजी कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात तर याच अनुच्छेदातील सात हक्क मोजून सांगितले: आधी नोटीस मिळणे, म्हणणे ऐकून घेतले जाणे, सकारण निर्णय होणे, संपादन सार्वजनिक कामासाठीच असणे, वाजवी भरपाई मिळणे, कारवाई विनाविलंब होणे आणि ती रीतसर पूर्ण होणे. पुणे-नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणात आणि वळणरस्त्यांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी हे सात शब्द लिहून ठेवावेत.

आपल्या धर्माने अपरिग्रह सांगितला आहे, मग मालमत्तेच्या हक्काचे एवढे काय, असे कोणी विचारील. अपरिग्रह स्वेच्छेचा असतो. न दिलेले घेणे याला आपण अदत्तादान म्हणतो, मग घेणारा चोर असो की सरकारी खाते. आणि अदत्तादानाचा नियम आपल्या दुकानापुरता नाही, डिंभ्याच्या काठच्या शेतकऱ्यालाही तोच लागू आहे.

आपल्या ट्रस्टचा हक्क

आपल्या ट्रस्टचे आपण आज सुवर्णमहोत्सव करतो. या संस्थेची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आहे. त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत एका जैन मंदिराचे व्यवस्थापक होते, ही माहिती नव्या पिढीला असावी. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ मध्ये न्यायालयाने समतोल निर्णय दिला. हिशेब तपासणे आणि त्यासाठी वर्गणी घेणे योग्य ठरले. परंतु धार्मिक संस्थेवर धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून बसवणे घटनेच्या २५ व्या व २६ व्या अनुच्छेदांविरुद्ध ठरले. देवद्रव्याचा हिशेब द्यायचा, पण गाभाऱ्याचा कारभार आपणच पाहायचा, हे त्या निकालाचे सार.

४४ व्या दुरुस्तीनेच ३० (१ क) हा उपखंड घटनेत घातला आहे. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने घेतली, तर ठरणारी रक्कम अशी असता कामा नये की संस्था चालविण्याचा हक्कच लुळा पडावा. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले गेले. त्यामुळे हे संरक्षण आपल्याही कामाचे आहे.

पण येथे मला एक कडू गोष्ट सांगायची आहे, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. अल्पसंख्याक दाखला कसा काढायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे भरायचा, एवढ्यापुरतीच आपल्याला घटना आठवते. ३० वा अनुच्छेद आपला आणि २१ वा दुसऱ्याचा, अशी वाटणी घटनेत नाही. १९७६ मध्ये ज्याचे नाव वहीत लिहायची आम्हाला भीती वाटली, तो गुरुजी जैन नव्हता. त्याच्या हक्काला कुलूप लागले, तेव्हा आमच्या लेखणीलाही लागले. वहीच्या एका पानाला वाळवी लागली तर शेजारचे पान सुरक्षित राहत नाही.

४२ व्या दुरुस्तीने अनेक अनिष्ट गोष्टी केल्या, पण मूलभूत कर्तव्यांचा ५१ क हा अनुच्छेदही तिनेच दिला आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांतले एक कर्तव्य आहे. ते वाचून आपल्याला अभिमान वाटतो. मात्र जीवदया पांजरपोळापाशी सुरू होते, तशी ती तलाठी कार्यालयाच्या दारात कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंतही पोहोचली पाहिजे.

एक विनंती

केवळ भाषण करून खाली बसणे व्यापाऱ्याला शोभत नाही. म्हणून विश्वस्त मंडळाला दोन विनंत्या करतो. पहिली, आपल्या वाचनालयात भारताच्या संविधानाच्या मराठी प्रती ठेवाव्यात आणि पर्युषणानंतर एक संध्याकाळ त्याच्या वाचनासाठी द्यावी. दुसरी, महिन्यातून एका रविवारी ट्रस्टच्या सभागृहात एक वकील बसवावेत. जमिनीची नोटीस, सातबाऱ्यावरील चूक, पुनर्वसनाचा अडकलेला अर्ज असे कागद घेऊन कोणीही यावे, जात-धर्म विचारू नये, शुल्क घेऊ नये. वर्षभराच्या मानधनाचा खर्च आमच्या दुकानाकडून जमा धरावा. वडिलांच्या वहीत वर्षभर जी नोंद राहून गेली होती, तिचे व्याज म्हणून ही रक्कम मी देत आहे. ही नोंद मात्र नावासह, आजच्या तारखेला, पक्क्या वहीत करावी.

 बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र! जय हिंद! जय महाराष्ट्र!